भिंती वाचवा, पण नावांसकट

थॉमस स्टोरी कर्कब्राइड हे फिलाडेल्फियाचे डॉक्टर. मनोरुग्णालय कसं बांधावं यावर त्यांनी १८५४ साली सविस्तर पुस्तक लिहिलं. जमीन कुठली घ्यावी, पाणी कुठून आणावं, जिने कसे असावेत, सगळं त्यात आहे. मला त्यातली सर्वांत बोलकी वाटते ती खिडकी. खिडकीला गज दिसता कामा नयेत, असा त्यांचा आग्रह होता. म्हणून चौकट ओतीव लोखंडाची, पण घडण आणि रंग असा की पाहणाऱ्याला ती चारचौघांच्या घरातली लाकडी खिडकी वाटावी. आतल्या माणसाला तिच्यातून निसटता येणार नाही, पण आपल्याला कोंडलंय हे त्याला उठताबसता खुपणारही नाही. त्या काळच्या सगळ्या मनोरुग्णालयांची गोष्ट मला या एका चौकटीत दिसते. दया खरी होती आणि कैदही खरी होती.

कर्कब्राइड यांच्या आराखड्यावर अमेरिकेत एकोणिसाव्या शतकात सत्तरच्या आसपास इमारती उभ्या राहिल्या. इंग्लंड-वेल्समध्ये १८४५च्या कायद्याने प्रत्येक काउंटीला, म्हणजे जिल्ह्याला, असं रुग्णालय बांधणं भाग पाडलं. यांतल्या कित्येक आज जमीनदोस्त झाल्या आहेत, काहींचे महागडे फ्लॅट झालेत, काही नुसत्याच सडताहेत. छप्पर खचलेलं, रंगाचे पापुद्रे सुटलेले, वऱ्हांड्यात झाडं उगवलेली. त्यांची छायाचित्रं जगभर आवडीने पाहिली जातात, आणि ती सुंदर असतात हे कबूल करायला हवं.

या इमारती सार्वजनिक पैशातून वाचवाव्यात, असं माझं ठाम मत आहे. पण ज्यांच्यासाठी त्या बांधल्या ती माणसं बाजूला सारून नुसतं सौंदर्य राखायचं असेल, तर त्या वाचवण्याला मला काही अर्थ दिसत नाही. आधी कबरी, नोंदवह्या आणि रुग्णांची नावं. मनोरे आणि कमानी त्यानंतर.

सौंदर्य तिथे आलं ते उपचार म्हणून. क्वेकर या ख्रिस्ती पंथातल्या विल्यम ट्यूक या व्यापाऱ्याने १७९६ मध्ये इंग्लंडमध्ये यॉर्कला 'रिट्रीट' नावाचं मनोरुग्णालय सुरू केलं, तेव्हा साखळदंडांच्या जागी बाग, हातांना काम आणि माणसासारखं बोलणं आलं. अंगणात ससे आणि कोंबड्या ठेवल्या, म्हणजे रुग्णांना कुणाची तरी काळजी घेता यावी. अमेरिकेत हाच विचार डोरोथिया डिक्स यांनी सरकारदरबारी लावून धरला. १८४१ मध्ये त्या मॅसॅच्युसेट्समधल्या ईस्ट केंब्रिजच्या तुरुंगात कैदी बायकांना रविवारचे धडे द्यायला गेल्या. कुठलाही गुन्हा न केलेल्या मनोरुग्ण बायका तिथे शेगडीविना थंडीत डांबलेल्या त्यांना दिसल्या. मग त्यांनी राज्यभरचे तुरुंग आणि गरीबगृहं पालथी घातली आणि १८४३ मध्ये विधिमंडळापुढे निवेदन ठेवलं. न्यू जर्सीत ट्रेंटनला १८४८ मध्ये सुरू झालेलं रुग्णालय त्यांच्याच पाठपुराव्याने उभं राहिलं. कर्कब्राइड आराखड्यावरचं ते पहिलं. म्हातारपणी डिक्स तिथल्याच काही खोल्यांत राहायला गेल्या आणि १८८७ मध्ये तिथेच वारल्या.

आराखडा असा. मधोमध प्रशासनाची उंच इमारत, तिच्या एका बाजूला पुरुषांची दालनं, दुसऱ्या बाजूला बायकांची. प्रत्येक दालन आधीच्या दालनापेक्षा थोडं मागे सरकवलेलं, त्यामुळे वरून पाहिलं तर पंख पसरलेल्या वटवाघळाचा आकार दिसतो. दालनं मागे सारली ती देखाव्यासाठी म्हणून नाही. प्रत्येक मार्गिकेच्या टोकाला मोकळी भिंत मिळाली की तिथे खिडकी काढता येते आणि वारा आरपार खेळतो. भोवती किमान शंभर एकर जमीन, तीही गावाबाहेर. रुग्ण अडीचशेच्या वर नकोत, कारण त्याहून वाढले तर अधीक्षकाला प्रत्येकाकडे जातीने लक्ष देता येणार नाही. बफेलोच्या रुग्णालयाची इमारत हेन्री हॉब्सन रिचर्डसन यांची. तांबूस वालुकाश्म, तांब्याच्या छपरांचे जुळे मनोरे. बाग आखली फ्रेडरिक लॉ ओल्मस्टेड आणि कॅल्व्हर्ट वॉक्स यांनी, न्यूयॉर्कचं सेंट्रल पार्क आखणारे तेच. मिशिगनमधल्या ट्रॅव्हर्स सिटीच्या रुग्णालयाचे पहिले अधीक्षक जेम्स डेकर मन्सन तर सौंदर्य हाच उपचार आहे असं म्हणत आणि दालनांत ताजी फुलं ठेवायला लावत. ज्यांना गावाने गोठ्यात बांधून ठेवलं होतं त्यांच्यासाठी एखाद्या सरकारने राजवाड्यासारखी वास्तू बांधावी, हे त्याआधी क्वचितच घडलं होतं आणि त्यानंतरही फारसं घडलं नाही.

कर्कब्राइड यांचा या माणसांवर विश्वास होता. १८४९ मध्ये एका माजी रुग्णाने त्यांच्यावर गोळी झाडली. ते वाचले आणि १८८३ मध्ये मृत्यू येईपर्यंत फिलाडेल्फियातल्या आपल्या मनोरुग्णालयाचा कारभार पाहत राहिले. पहिली पत्नी वारल्यावर त्यांनी दुसरं लग्न केलं ते आपल्याच एका माजी रुग्ण स्त्रीशी. हे वाचल्यापासून त्यांच्या इमारतींना नुसत्या छळछावण्या म्हणणं मला जमत नाही.

पण तिथे छळ झाला, आणि तो फार काळ चालला. अडीचशेची मर्यादा १८६६ मध्ये अधीक्षकांच्या संघटनेनेच सहाशेवर नेली. न्यूयॉर्क राज्याने १८९० मध्ये मनोरुग्णांचा सगळा खर्च काउंट्यांकडून स्वतःकडे घेतला. हेतू चांगला होता, पण काउंट्यांनी आपल्या गरीबगृहांतली म्हातारी, विसराळू, निराधार माणसंही राज्याच्या दारात आणून सोडली. सिफिलिसने मेंदू नासलेले रुग्ण आले. ज्यांचं इथे कुणीच नाही असे परदेशातून आलेले मजूर आले. मॅसॅच्युसेट्समधल्या डॅन्व्हर्सची इमारत पाचशेच्या आसपास रुग्णांसाठी बांधली होती, १९३९ मध्ये तिथे २,३००हून जास्त माणसं होती. वेस्ट व्हर्जिनियात वेस्टनचं रुग्णालय अडीचशेंचं, १९५०च्या दशकात तिथे २,४०० जण कोंबले होते. वारा खेळावा म्हणून आखलेल्या मार्गिकेत खाटा लागल्या, खाटेला खाट भिडली. १९५२ मध्ये डॉ. वॉल्टर फ्रीमन यांनी वेस्ट व्हर्जिनियाच्या सरकारी रुग्णालयांत दोन आठवड्यांच्या आत दोनशेहून अधिक रुग्णांवर लोबोटॉमी, म्हणजे मेंदूच्या पुढच्या भागातले धागे तोडण्याची शस्त्रक्रिया, केली. लंडनच्या कोल्नी हॅच रुग्णालयात जागा पुरेना म्हणून लाकडी बराकी उभारल्या होत्या. जानेवारी १९०३ मध्ये त्यांना आग लागली आणि पन्नासहून अधिक बायका होरपळून मेल्या. मुख्य पक्क्या इमारतीत जागा मिळाली असती तर त्या जगल्या असत्या.

हे सगळं इमारतींमुळे झालं, असं म्हणण्याची पद्धत पडली आहे. मला ती पटत नाही. इमारतीने दिलेला शब्द पाळायला माणसं लागतात, पगार लागतो, दर वर्षी अंदाजपत्रकात तरतूद लागते. बांधकामाला पैसा निघाला, चालवायला निघाला नाही. सरकारांना कोनशिला आवडते, देखभाल आवडत नाही, आणि हे फक्त मनोरुग्णालयांपुरतं खरं नाही.

मग इमारती रिकाम्या झाल्या. १९५५ मध्ये अमेरिकेच्या सरकारी मनोरुग्णालयांत साडेपाच लाखांहून अधिक माणसं होती. आज त्या देशाची लोकसंख्या दुपटीच्या आसपास गेली असताना अशा रुग्णालयांतल्या खाटा चाळीस हजारांच्याही खाली आहेत. क्लोरप्रोमाझिनसारखी औषधं आली, रुग्णांचे हक्क न्यायालयात मांडले गेले. रुग्णांकडून शेतात, धुलाईघरात फुकट राबवून घेता येणार नाही, असा निकाल १९७३ मध्ये लागला. १९६३ मध्ये अध्यक्ष केनेडी यांनी वस्तीवस्तीत मानसिक आरोग्य केंद्रं उभारण्याच्या कायद्यावर सही केली. ब्रिटनमध्ये त्याआधी दोन वर्षं आरोग्यमंत्री इनॉक पॉवेल यांनी, पाण्याची टाकी आणि धुराडं डोक्यावर घेऊन उभ्या असलेल्या या भव्य वास्तू आता जायला हव्यात, असं जाहीर भाषणात सांगितलं होतं. रुग्णालयं रिकामी झाली. केंद्रं मात्र ठरली तेवढी कधीच झाली नाहीत. आज लॉस एंजेलिस आणि शिकागोचे तुरुंग अमेरिकेतल्या मनोरुग्णांना ठेवणाऱ्या सर्वांत मोठ्या जागांमध्ये मोजले जातात. डिक्स यांनी १८४१ मध्ये ज्या कोठडीतून माणसं बाहेर काढायला सुरुवात केली तिथेच ती परत गेली आहेत. म्हणून ती रिकामी इमारत मला भूतकाळाची वाटत नाही. एक सार्वजनिक काम अर्ध्यावर सोडलं गेलं, त्याची ती जागा आहे.

रिकाम्या इमारतींचं पुढे काय झालं ते पाहिलं की प्रत्येक देशाचा आणि गावाचा कल कळतो. डॅन्व्हर्सची इमारत २००६ मध्ये पाडली आणि मधल्या दर्शनी भागाचं कवच तेवढं ठेवून मागे नवे फ्लॅट बांधले. लंडनचं क्लेबरी रुग्णालय १९९७ मध्ये बंद झालं. तिथे आज रेप्टन पार्क नावाची वसाहत आहे आणि रुग्णांच्या प्रार्थनामंदिरात रहिवाशांचा पोहण्याचा तलाव. कोल्नी हॅचचं आजचं नाव प्रिन्सेस पार्क मॅनर, त्यात जुन्या वापराची खूणसुद्धा नाही. न्यू जर्सीचं ग्रेस्टोन पार्क, जिथे वुडी गथ्री हे लोकगायक १९५६ ते १९६१ या काळात रुग्ण होते आणि तरुण बॉब डिलन त्यांना भेटायला आले, ते राज्याने २०१५ मध्ये पाडलं. इमारत पुन्हा वापरात आणण्याचे प्रस्ताव आले होते, तरी पाडलं, आणि पाडण्यावर कोट्यवधी डॉलर खर्च केले. वाचवायला पैसा नाही असं जेव्हा सांगितलं जातं तेव्हा मला ग्रेस्टोनचा तो खर्च आठवतो.

वेस्टनची इमारत २००७ मध्ये लिलावात १५ लाख डॉलरला गेली. आज तिथे तिकीट काढून इतिहास पाहता येतो आणि रात्री भुतंही. घेणाऱ्याने छप्पर वाचवलं, हे मोठंच काम आहे आणि ते मी नाकारत नाही. पण भुतांच्या फेरीला माझा विरोध आहे. ज्या खोलीत माणसं निराधार मेली तिथे त्यांच्याच नावाने पाहुण्यांना घाबरवायचं, म्हणजे जिवंतपणी समाज त्यांना ज्या नजरेने पाहत होता तीच नजर मेल्यावरही त्यांच्यावर रोखायची. आजारी माणूस भीतिदायक असतो ही समजूत अशा तिकिटांवर पोसली जाते, आणि तिची किंमत आज उपचार घेणारी माणसं नोकरीत, घरभाड्यात, लग्नात मोजतात.

पडक्या इमारतींची छायाचित्रं काढणाऱ्यांबद्दल माझं मत इतकं कडक नाही. त्यांच्यामुळेच अनेक इमारतींची शेवटची नोंद राहिली. तरी त्या चित्रांत एक ठरावीक साचा असतो: मोडकी चाकाची खुर्ची खिडकीच्या उजेडात, जमिनीवर एकुलता एक बूट. कित्येकदा ती खुर्ची तिथे सरकवून ठेवलेली असते. माणूस गेल्याची हळहळ वाटते, पण कोण गेलं ते कधी कळत नाही.

याच्या उलट एक भिंत सांगतो. इटलीतल्या व्होल्तेराच्या मनोरुग्णालयात ओरेस्ते फेर्नांदो नानेत्ती नावाचा रुग्ण होता. गणवेशाच्या बंडीच्या बकलाचं टोक घेऊन तो अंगणाच्या भिंतीच्या गिलाव्यावर कोरत राहिला, वर्षानुवर्षं. ग्रह, तारे, यंत्रं, काल्पनिक देश, स्वतःचं टोपणनाव. कोरीव मजकूर वाढत वाढत जवळपास १८० मीटर लांब झाला. भिंतीला लागून बाक होतं आणि त्यावर काही रुग्ण तासन्‌तास न हलता बसलेले असत. नानेत्तीने त्यांना उठवलं नाही. त्यांच्या डोक्यांना वळसा घालून तो लिहीत गेला. रुग्णालय बंद पडलं, पाऊस आणि गारठा गिलाव्यात शिरला आणि तो सुटत गेला. काही तुकडे काढून संग्रहालयात ठेवले आहेत, बराचसा भाग कायमचा गेला. ही भिंत कुठल्याही वास्तुरचनाकाराच्या नावावर नाही. तरी त्या सगळ्या आवारात आधी वाचवायला हवी होती ती तीच. इमारत वाचवायची म्हणजे काय वाचवायचं, याचं उत्तर कमानी मोजणाऱ्यांकडे नसतं.

एक आक्षेप मला खरोखर जड वाटतो. तिथे राहिलेल्यांपैकी काही जण म्हणतात, पाडून टाका. आमच्या आयुष्याची वर्षं तिथे गेली, त्या दगडांचं कौतुक आम्हाला नको. या म्हणण्यापुढे वारशाची भाषा थिटी पडते. इमारतीचं काय करायचं यात पहिला शब्द त्यांचाच असावा, असं मी मानतो. पण ते सगळे एकमुखी नाहीत. काहींना तिथे पहिल्यांदा सुरक्षित झोप मिळाली, हेही त्यांच्याच तोंडून आलेलं आहे. आणि पाडण्याचा निर्णय सहसा त्यांना विचारून होतच नाही. तो जमिनीच्या भावाकडे बघून होतो. पाडल्यानंतर तिथे जे उभं राहतं त्यात आपल्यावर काय झालं हे दाखवायला त्यांच्याकडे बोट ठेवण्यापुरती जागाही उरत नाही.

वेल्समधलं डेन्बी इथलं रुग्णालय १८४८ मध्ये सुरू झालं त्यामागे एक कारण भाषेचं होतं. वेल्श बोलणाऱ्या रुग्णांना इंग्लंडमधल्या रुग्णालयांत पाठवत. तिथे त्यांचं बोलणं कुणाला कळत नसे आणि त्यांना इतरांचं. आजारी माणसाला स्वतःच्या भाषेत उपचार मिळावेत म्हणून लोकांनी वर्गण्या काढून ही चुनखडीची देखणी वास्तू उभी केली. १९९५ मध्ये ती बंद झाली, विकली गेली, आगी लागल्या, मालकाने दुरुस्ती केली नाही. शेवटी स्थानिक परिषदेला सक्तीने ताबा घ्यावा लागला, तोवर छपरं गेली होती. खासगी मालकाच्या भरवशावर अशी वास्तू सोडली की काय होतं, याचं इतकं स्पष्ट उदाहरण दुसरं सापडणार नाही.

सुखाची उदाहरणंही आहेत. ट्रॅव्हर्स सिटीच्या इमारतीत आज घरं, दुकानं, कार्यालयं आहेत. बफेलोत १९७०च्या दशकापासून रिकाम्या पडलेल्या मनोऱ्यांसाठी गावकरी कोर्टात गेले, राज्याचा निधी आला आणि तिथे हॉटेल झालं. मला मात्र सर्वांत पटतो तो इटलीतल्या त्रिएस्तेचा मार्ग. १९७१ मध्ये तिथल्या रुग्णालयाची सूत्रं फ्रांको बाझालिया यांनी घेतली आणि दारं उघडायला सुरुवात केली. १९७३ मध्ये रुग्ण आणि कलावंतांनी मिळून एक भलामोठा निळा घोडा बनवला, मार्को काव्हाल्लो. रुग्णालयाच्या धुण्याची गाडी ओढणाऱ्या खऱ्या घोड्याचं हे नाव. घोडा फाटकातून मावेना, तेव्हा फाटक तोडून तो गावात नेला आणि त्याच्यामागून रुग्ण गेले. आज त्या टेकडीवरच्या इमारतींत आरोग्यसेवेची कार्यालयं आहेत, विद्यापीठाचे विभाग आहेत, शाळा आहेत, सहकारी संस्थेचं उपाहारगृह आहे, गुलाबांची मोठी बाग आहे. कुठलीही पाटी न वाचता गावातलं कुणीही तिथून चालत जातं. मनोरुग्ण आणि इतर यांच्यामधली भिंत गेली आणि इमारत राहिली, दोन्ही एकदम.

कलावंतांनाही हे जमतं. मॅसॅच्युसेट्सचं एक जुनं मानसिक आरोग्य केंद्र २००३ मध्ये पाडलं जाणार होतं. त्याआधी ॲना शुलाइट यांनी त्याच्या मार्गिका, जिने, तळघर अठ्ठावीस हजार फुलझाडांनी भरून टाकले आणि दारं सगळ्यांसाठी उघडली. मनोरुग्णाला भेटायला येणारे फुलं आणत नाहीत, हे त्यांच्या लक्षात आलं होतं. प्रदर्शन संपल्यावर कुंड्या इतर रुग्णालयांत आणि निवाऱ्यांत वाटल्या.

आता नावांबद्दल. न्यूयॉर्क राज्यातलं विलार्ड रुग्णालय १९९५ मध्ये बंद होताना माळ्यावर चारशेहून अधिक सुटकेसी सापडल्या. रुग्ण दाखल होताना घेऊन आले होते त्या. त्यांत कपडे, पत्रं, छायाचित्रं, शिवणाचं सामान. परत जाताना लागेल म्हणून ठेवलेलं, आणि बहुतेकांना परत जाता आलंच नाही. त्या सुटकेसी आता राज्याच्या संग्रहालयात जपल्या आहेत. विलार्डच्या दफनभूमीत ५,७००हून अधिक माणसं पुरलेली आहेत, नाव नसलेल्या खुणांखाली. त्यांतल्या दीड हजारांच्या आसपास कबरी लॉरेन्स मोका नावाच्या रुग्णानेच खणल्या. मेल्यावर तोही तसाच निनावी पुरला गेला. त्याच्या नावाचा दगड बसायला २०१५ उजाडलं, तेही लोकांनी मागे लागून. रुग्णाची माहिती गोपनीय, म्हणून नावं देता येत नाहीत, असं राज्याचं म्हणणं बराच काळ होतं.

गोपनीयता जिवंत माणसाला वाचवते आणि ती हवीच. शंभर वर्षांपूर्वी मेलेल्या माणसाचं नाव त्याच्या कबरीवर येऊ न देणारी गोपनीयता त्याला वाचवत नाही. ती फक्त एवढंच सांगते की त्याचा आजार ही लाज होती आणि अजूनही आहे. ओरेगनने वेगळं करून दाखवलं. सेलम इथल्या राज्य रुग्णालयात साडेतीन हजारांच्या आसपास तांब्याचे डबे होते, प्रत्येकात कुणा ना कुणाची राख, कुणी घेऊन न गेलेली. ओल लागून डब्यांवर निळ्या-हिरव्या रंगाचे थर चढले होते, त्यामुळे प्रत्येक डबा दुसऱ्याहून वेगळा दिसे. २००४ मध्ये हे जगासमोर आलं. तिथे त्या डब्यांचं नुसतं कौतुक होऊन थांबलं नाही. राज्याने नावांची यादी उघड केली, २०१४ मध्ये स्मारक उभारलं, नातेवाईक शोधत आले आणि शेकडो जणांची राख घरी गेली. जुन्या इमारतीच्या एका भागात मानसिक आरोग्याचं संग्रहालय आहे आणि त्याच आवारात आजही रुग्णांवर उपचार चालतात.

म्हणून अशी कुठलीही वास्तू विकताना करारात तीन कलमं घालणं सरकारला अवघड नाही. दफनभूमी सार्वजनिक मालकीची राहील, नोंदवह्या राज्याच्या दप्तरखान्यात जातील, आणि ठरावीक वर्षं उलटली की मृतांची नावं खुली होतील. घेणारा तिथे हॉटेल काढो की फ्लॅट बांधो, या तीन कलमांनी त्याचं काहीच बुडत नाही. विलार्डच्या कबरींसाठी तर घेणाऱ्याची वाटसुद्धा पाहावी लागत नाही. सुटकेसींवर नावं होती, वह्यांत नावं आहेत, आणि दगड बसवायला एकही मनोरा आधी दुरुस्त करावा लागत नाही.